खडूचे ठसे, कुसुमची मॅट आणि तनुजाचा गुडघा

मी, श्रीमती हेमलता मालोजी काशीद, वय ६८, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार काळेवाडी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मी रागात आहे. पण राग म्हणजे वेडेपणा नव्हे, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

१. बँकेतील ठेवी पुतण्या समाधान यास. चाकणला शिफ्ट करून दमतो, तरी रविवारी चौकशीला येतो. दागिने त्याची बायको दीपमाला हिला. मोहनमाळ मोडू नये.

२. शाळेतली माझी सहकारी कुसुम हिला काही नाही. माझ्याच मैदानावर शिट्टी धरायला शिकली आणि आता वाकडला व्हॉलीबॉलची अकादमी चालवते. माझी तनुजा तिने आधीच नेली आहे.

३. तनुजा म्हणजे शेजारच्या गवराबाईंची नात. व्हॉलीबॉलला मी तिला घडवले. माझ्या हॉलच्या भिंतीशी बोटांना खडू लावून ती लागोपाठ उड्या मारायची. ठसे खाली सरकू लागले की मी म्हणायचे, "बस्स, दमलीस." आता ती कुसुमच्या इलेक्ट्रॉनिक मॅटवर उडते. पाय किती वेळ हवेत होते, त्यावरून ती मॅट उंची सांगते. दमलेली पोर उतरताना गुडघे वर ओढून घेते. पाय उशिरा टेकतात, मॅट फसते, उंचीचा आकडा खाली येत नाही. इकडे तनुजाचा उजवा गुडघा सुजला आहे आणि ती कठडा धरून जिना उतरते.

मी सांगायला गेले. कुसुम हसली. "हेमा, पोरगी गेली म्हणून पोटात दुखतंय होय गं? अगं, आमची तनुजा दमतच नाही!"

तनुजाही खाली बघत म्हणाली, "मॅडम, तुम्हाला कुसुम मॅडमचं बघवत नाही."

नाही बघवत. तिच्या अकादमीचा तो बोर्ड, तिचा तो पेपरातला फोटो, काहीच बघवत नाही. सहीनिशी लिहून देते. पण माझा मत्सर खरा म्हणून गुडघ्याची सूज खोटी होत नाही.

४. राहता फ्लॅट तनुजास. अट अशी, की तिने माझ्या भिंतीशी, पायाखाली कुसुमची मॅट आणि बोटांना खडू, अशा उड्या माराव्यात. स्टुलावर चढून ठसे कुसुमने स्वतः बघावेत. मॅटचा आकडा तसाच राहून ठसा घसरला, की तिथेच थांबवून पोरीला डॉक्टरकडे न्यावे.

५. वकील म्हणाले, "मॅडम, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात." मी इतक्यात जाणार नाही, आणि त्या गुडघ्याला तेवढा वेळ नाही. सबब याची प्रत कुसुमला आजच पोचवावी आणि कलम चारची अट येत्या रविवारी सकाळी पुरी करावी. चहा करून मी गॅलरीत बसेन, एक शब्द बोलणार नाही. निकाल कुसुमनेच सांगावा. पोर वाचली, तर ती कुसुममुळे वाचली असे खुशाल म्हणावे.

हे शेवटचे वाक्य लिहायला दोन दिवस लागले. खोडू नये.

सही: हेमलता मा. काशीद

आमच्यासमक्ष सही केली:
मारुतराव बन्सी तापकीर, काळेवाडी
अंबुबाई गणराज नढे, काळेवाडी

काळेवाडी, पिंपरी-चिंचवड
१२ नोव्हेंबर २०२४