काचेच्या दुकानाचा विमा

झाशी, रविवार

प्रिय कश्मिरा,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला हिंदीवर येतेस, तिसऱ्याला चिडतेस आणि चौथ्याला ‘मम्मी, बाद में’ म्हणून मोकळी होतेस. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही. अडखळत वाच, पण पूर्ण वाच. उत्तर हिंदीत आलं तरी मी कुरकुरणार नाही.

बातमी अशी की आपल्या दुकानाचा विमा उतरवायचं अखेर ठरलं. तुझ्या बाबांना तू ओळखतेस. आगीचा आणि चोरीचा घेऊन टाकू, चौकातले सगळे तेच घेतात, हे त्यांचं पालुपद. मी म्हटलं, अहो, काच कधी पेटते का? आणि सहा फुटी काच खांद्यावर घेऊन इलाइट चौराह्यातून पळणारा चोर मला एकदा दाखवाच. आपलं नुकसान होतं ते रस्त्यात. समथरच्या दवाखान्याच्या खिडक्या टेम्पोत उभ्या बांधून इतक्या जपून नेल्या, आणि तिथे उतरवताना बघावं तर निम्मा चुरा. विमा हवा तो त्याचा. आणि तिसऱ्या दिवशी ते तेच मला स्वतःची कल्पना म्हणून सांगू लागले. मीही ‘अगबाई, खरंच की’ म्हटलं. संसार असाच चालतो, तुला कळेल पुढे.

पण माणसांचा विमा म्हटलं की गाडी अडायची. काच कापायच्या टेबलाचा घेऊ, दुकानाच्या पाटीचाही घेऊ, स्वतःचा मात्र नको. ज्या माणसाच्या उजव्या हाताची दोन बोटं काचेनंच निकामी केली, तो माणूस म्हणतो, मला काय होतंय! बोटांवरून तो सगळा उन्हाळा आठवतो बघ. तू इंदूरहून शिक्षण संपवून आलीस, त्याच आठवड्यात त्यांचा तळवा चिरला आणि ती बोटं वाकेनाशी झाली. हात बरा होईपर्यंत दुकान तू चालवलंस. जाड हातमोज्यांशिवाय काचेला हात लावायचा नाही, खाली कुणी शिडी धरल्याशिवाय वर चढायचं नाही, असे तुझे एकेक कायदे. आपले कारागीर परमलाल भैया तर म्हणायचे, बिटिया ने हमें दूल्हा बना दिया, दस्ताने पहनाकर. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज होतं ते मी विसरलेले नाही. आणि हात बरा झाल्यावर बाबा म्हणाले, काचेचं काम माझ्या मुलीनं करायचं नाही. तू भांडलीस, रडलीस आणि भोपाळच्या त्या ऑफिसात जाऊन बसलीस. आता हैदराबादच्या नोकरीचं बोलावणं आलंय, महिनाअखेर त्यांना होय-नाही कळवायचंय, हे सगळं मला माहीत आहे. रोज देवापुढे बसले की तेच डोक्यात असतं.

असो. परवा विमेवाले विश्वंभर जी यायचे होते. दुकानाच्या दर्शनी भागात नवा काचेचा दरवाजा बसवलाय, झकास झालाय. नव्या काचेवर आठ दिवस चुन्याची फुली ठेवायची, म्हणजे कुणी आपटत नाही, हा आपल्या दुकानाचा नियम. पण पाहुणे येणार आणि काचवाल्याच्याच दारावर पांढरे फराटे? मला काही राहवेना. ओल्या फडक्यानं पुसलं, वर कोरडं फिरवलं, काच आहे की नाही कळेना इतकी लख्ख केली. विश्वंभर जी स्कूटर लावून, फाईल काखेत मारून हसतमुखानं आले ते थेट काचेवर. काचेला ओरखडा नाही, त्यांचं नाक मात्र टोमॅटो. मी धावत हळद आणली. हळद लावून ते खुर्चीत बसले तेव्हा मला हसू आवरेना, आत जाऊन पदर तोंडाला लावला.

पण माणूस गोड हो. त्याच नाकावर बोट ठेवून त्यांनी समजावलं की आपल्या कामामुळे परक्या माणसाला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा विमा वेगळा असतो, आणि आज मी रागीट असतो तर तुम्हाला तो लागला असता. बाबांनी ताबडतोब तो घेतला. टेम्पोतल्या काचेचाही घेतला. मग कामगारांच्या अपघात विम्याकडे गाडी वळली. विश्वंभर जींनी विचारलं, तुमच्या हातानंतर दुकानात आणखी कुणाला लागलं का? बाबा ऐटीत म्हणाले, एकालाही नाही. काचेच्या धंद्यात हे कसं जमलं, असं त्यांनी सहज विचारलं. परमलाल भैया समोर हातमोजे घालून काच पुसत होते. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मी काही बोलले नाही. बायको चाळीस वेळा बोलते ते ऐकू येत नाही, पण गप्प बसली की ऐकू येतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. विश्वंभर जींनी विचारलं, शिडीवर चढणारी माणसं किती धरू? दुकानात परमलाल भैया, दुसरे दोघे आणि बाबा, एवढेच आहेत. बाबा म्हणाले, “पाँच लिखिए.” विश्वंभर जींनी पुन्हा मोजून पाहिलं आणि पाचवं कोण म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, “हमारी बिटिया. अभी नाराज़ है, आ जाएगी.” रात्री जेवताना मला म्हणाले, तिचे हात माझ्यासारखे होतील या भीतीनं तिला लांब ठेवलं, आणि बाकी सगळ्यांचे हात सांभाळले तिनंच. एवढं बोलून आमटी न घेताच उठले. हे तुला सांगायला फोन हातात घेतात, नंबर काढतात आणि खाली ठेवतात. त्यांच्याच्यानं होणार नाही, म्हणून मी लिहितेय. हैदराबादला जायचं तर खुशाल जा, तुझ्या मनाविरुद्ध ओढून आणणार नाही. पण बाबांनी नको म्हटलं म्हणून जात असशील, तर आता कुणी नको म्हणत नाहीये. विश्वंभर जी सांगून गेलेत की तू कामाला लागशील त्या दिवशीच तुझं नाव धरता येईल, तोवर चौघांचाच विमा. बाबांनी त्यांना पुढच्या सोमवारी परत बोलावलंय.

तुझीच,
आई