सात खणांची पेटी

५ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मार्चमध्ये तू पाठवलेली पुठ्ठ्याची पेटी रोज वापरते. जन्मभर पुस्तकं बांधलीस, त्यामुळे कोपरे असे चोख की पाहणारे गोळ्या सोडून पेटीचंच कौतुक करतात. थायरॉईडची, लोहाची, कॅल्शियमची, तिन्ही गोळ्या त्या त्या वाराच्या खणात. सकाळी उठले की एका घोटात मोकळी.

तरी रक्तातला टीएसएचचा आकडा चढाच आहे, म्हणजे थायरॉईड कमीच पडतंय. डोस दोनदा वाढवला. सुरुवातीला बाळाचा मेंदू आईच्याच थायरॉईडवर वाढतो, म्हणून डॉक्टरीणबाईंना काळजी आहे. गोळ्या टाळतेस का, असंही त्यांनी विचारलं. मला राग आला. वेळेच्या बाबतीत मी तुझीच लेक.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी,
धाकटी

१४ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र घेऊन औषधवाल्याकडे गेले. पेटीचं ऐकून त्याने कपाळाला हात लावला. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, एकटी घ्यायची. बाकीच्या चार तासांनी. एकत्र घेतल्या तर ती अंगी लागत नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच. डॉक्टरीणबाईंना आजच सांग. दोन मजली पेटी पाठवते आहे.

आता तीस वर्षं पोटात ठेवलेलं लिहिते. तुझ्या वेळी मलाही हीच गोळी होती. बाळाला बाधेल असं शेजारीण म्हणाली आणि मी ती बंद केली, कोणाला न विचारता. तू तीन वर्षांची होईपर्यंत बोलली नाहीस. मुलगी लाजाळू आहे, असं मी सगळ्यांना सांगत राहिले.

जपून राहा. माया कमी करू नकोस.
तुझी आई

३ ऑक्टोबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मुलगी झाली. नाक तुझं, आवाज कोणाचा ते कळायचंय. टाचेतून घेतलेल्या रक्ताचा अहवाल आज आला. तिचं थायरॉईड ठीक आहे. पेटी बदलल्यावर माझा आकडाही महिन्याभरात उतरला होता.

तुला इतके दिवस लिहिलं नाही, कारण राग होता. तुझी गोष्ट डॉक्टरीणबाईंना विचारली. माझं उशिरा बोलणं त्यामुळेच का, हे आता कोणी सांगू शकणार नाही, पण गोळी थांबवायला नको होती, असं त्या म्हणाल्या. म्हणून मी तुझी खोटी समजूत काढत नाही. राग मात्र ओसरलाय.

मार्च ते जूनमधली माझी चूकही पुसता येत नाही. दोन वर्षं तिच्याकडे लक्ष ठेवायचं आहे. तू ये. आणि ती बोलायला उशीर करू लागली, तर मुलगी लाजाळू आहे असं आपण दोघींनीही म्हणायचं नाही.

लोभ होता तसाच आहे.
तुझी,
उशिरा बोललेली