उशाशी रायफल

उयाक खाडी, कोडियाक बेट, अलास्का
१४ सप्टेंबर १९८३

चि. इग्नाती यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

टपालाचं विमान येईल की नाही ते धुक्याच्या मर्जीवर, म्हणून आदल्या दिवशीच लिहायला बसले. सामन माशांचा हंगाम संपला. जाळी वाळवून गुंडाळली. शेजारची मंडळी होड्या काठावर ओढून गावाला निघून गेली. आता एवढ्या मोठ्या खाडीवर मी एकटी आणि एक अस्वल.

फाटक्या कानाचा नर आहे, घराएवढा. धुरीघराची एक फळी त्याने उचकटली आणि अर्धे मासे फस्त केले. मकार असता तर दारात उभा राहून त्याने त्याला चार शिव्या दिल्या असत्या आणि अस्वल गेलंही असतं. मी दिल्या. त्याने ढुंकून पाहिलं नाही. नवरा जाऊन पाच महिने झाले रे, आणि शिव्या द्यायलाही माणूस उरलं नाही.

मुद्द्याचं लिहिते. मकारची ३७५ रायफल मला पेलत नाही. वल्ह्याने मोडलेला माझा उजवा खांदा तुला ठाऊक आहे. एकदा झाडून पाहिली तर दोन दिवस चहाचा कप उचलेना. तू जन्मभर बंदुका दुरुस्त केल्यास, तर सहासष्ट वर्षांच्या बाईने अस्वलासाठी कुठली रायफल घ्यावी ते सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस, उत्तर लवकर धाड.
तुझी ताई, फेव्रोनिया

*

कोडियाक गाव
२८ सप्टेंबर १९८३

ती. ताईस,
इग्नातीचा शि. सा. न.

पत्र पोचलं. पहिलं उत्तर असं की रायफल घेऊच नकोस, इथे ये. माझ्याकडे खोली रिकामी आहे. पण तू ऐकणाऱ्यातली नाहीस, म्हणून दुसरं उत्तर लिहितो.

३७५ विसर. गोळी केवढी यापेक्षा ती कुठे लागली याने अस्वल पडतं, आणि पहिलीनंतर दुसरी झाडायला खांदा जागेवर हवा. तुला थर्टी-ओ-सिक्स पुरे. नळी आखूड, गोळी मात्र वजनदार, म्हणजे चरबी फाडून आत जाईल. कोणी पिस्तूल गळ्यात मारायला आलं तर त्याला खाडीत ढकल. दुर्बीणही नको. अस्वल वीस पावलांवर आलं की दुर्बिणीतून नुसते केस दिसतात.

खांद्याला टेकायचा दस्ता मी तुझ्या मापाचा कापून देईन. कोपर वाकवून खळग्यापासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत दोरा धर आणि तो दोरा पाठव. नेमही मीच लावीन. माझ्या दुकानातून नेम न तपासता आजवर एक बंदूक बाहेर गेलेली नाही.

आणि मकारची रायफल कुठे आहे? बाहेरच्या पडवीत खुंटीलाच राहू दे. उबेत आणलीस की लोखंडाला घाम येतो, आणि थंडीत नेलीस की आतल्या आत गोठतो. हे तुला सांगायला नको.

जिवाला जप, तिथल्या एकटेपणाची घमेंड करू नकोस.
तुझा इग्ना

*

उयाक खाडी
१२ ऑक्टोबर १९८३

चि. इग्ना,
अनेक आशीर्वाद.

दोरा सोबत आहे. मोजणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून एक टोक दातात धरून मोजलं. अर्धं बोट इकडेतिकडे झालं तर हसू नकोस.

पण तुझं अक्षर केवढं रे! भोपळ्याएवढी अक्षरं काढून तीन कागद भरलेस. दुकान फार चालतंय वाटतं.

अस्वल मारायची मला हौस नाही. जीव वाचवायला मारलं तरी कायद्याने सोलायचं मीच, आणि नखांसकट कातडं नि कवटी सरकारी कचेरीत जमा करायची. ते धूड सोलता सोलता माझंच कातडं जमा करावं लागेल.

मकारच्या रायफलीबद्दल खोटं लिहिणार नाही. ती मी आत आणली आहे. शेगडीजवळ, पलंगाच्या त्याच्या बाजूला, उशाशी उभी असते. दिवसा सोबत बाहेर नेते, संध्याकाळी आत आणते. तिच्या पट्ट्याला अजून त्याच्या तंबाखूचा वास आहे. म्हातारी चळली म्हण हवं तर. त्या बाजूला काहीच नसलं की मला झोप लागत नाही.

गावाला ये म्हणतोस, पण मकार इथे टेकडीवर पुरलेला आहे. त्याला एकट्याला टाकून कशी येऊ?

रागावलास तरी लिहायचं थांबू नकोस.
ताई

*

कोडियाक गाव
९ नोव्हेंबर १९८३

ती. ताईस,
शि. सा. न.

उशीर झाला. दुकानात रीघ लागली होती. अक्षराचं म्हणशील तर नवं पेन जाड टोकाचं आहे.

रायफल याच विमानाने पाठवतो आहे. दस्ता आखूड केला आहे, मागे रबर लावलं आहे. बोल्टमधलं तेल पुसून कोरडं केलं आहे. नेम लावलेला आहे.

मकारची मात्र बाहेर टांग. हात जोडून सांगतो, ताई.

जास्त लिहीत नाही, तेवढंच गोड मान.
इग्ना

*

उयाक खाडी
२३ नोव्हेंबर १९८३

चि. इग्ना,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही त्याचं फळ मिळालं. तेरा तारखेला सकाळी, कडाक्याच्या थंडीत, तासभर लाकडं फोडत होते. मकारची रायफल ओंडक्याला टेकवलेली. मान वर केली तर फाटका कान दहा पावलांवर. उचलली, चाप ओढला, आणि आतून नुसतं कचकन वाजलं. रोज आतबाहेर करून मी तिला घाम फोडला होता, तो गोठून बसला होता.

पळाले नाही. मग मी त्याच्याशी बोलायला लागले. मकार गेला, मासे संपले, माझ्यात खायला काही नाही, असं काय काय बडबडले. त्याने ऐकून घेतलं आणि ओढ्याकडे निघून गेला. मी तिथेच बसून ढसाढसा रडले. भीतीने नाही रे. सात महिन्यांत माझं एवढं बोलणं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

तीन दिवसांनी तुझी रायफल आली. दस्ता असा बसला की डोळे मिटून खांद्याला लावावी. पण पन्नास पावलांवर डबा ठेवून झाडली, तर गोळी वीतभर डावीकडे. तीनदा झाडली, तिन्ही तिथेच. नेमाची मागची खाच हातोडीने टिचक्या मारत उजवीकडे सरकवली, तेव्हा डबा उडाला.

मग मी तुझी सगळी पत्रं ओळीने मांडली. अक्षर मोठं होत होत गेलंय. शेवटच्या पत्रात तर ओळीवर ओळ चढली आहे. इग्ना, तुला दिसत नाही ना? कधीपासून? ती रीघ, ते जाड पेन, सगळं मला फसवायला? माझा भाऊ नेम न लावता बंदूक देत नाही, म्हणजे त्याला नळीच्या टोकावरची नेमाची माशी दिसलीच नसणार. अस्वलापुढे उभी राहिले तेव्हा एवढी घाबरले नव्हते.

तू मला तिथे बोलावत होतास, ते माझ्यासाठी की तुझ्यासाठी? आता माझं ऐक. तूच ये. इथल्या वाटा तुझ्या लहानपणच्या आहेत, पायांना पाठ असतील. अस्वल मी पाहीन, तू कान दे. जानेवारीत आपल्या जुन्या रशियन पंचांगाच्या नाताळाला मिरवायचा तारा मी धरीन, गाणं तू म्हण.

नाही म्हणालास तर मी येऊन उचलून आणीन, खांदा मोडला तरी चालेल.
तुझीच ताई

*

कोडियाक गाव
३० नोव्हेंबर १९८३

ती. ताई,
शि. सा. न.

खरं आहे. डावा डोळा जूनमध्येच गेला. उजव्याने उजेड तेवढा कळतो. तुझी पत्रं शेजाऱ्याकडून वाचून घेतो, लिहितो अंदाजाने. दुकान बंद आहे. तुझी रायफल मी चाचपून जुळवली, आणि लाजेने खोटं लिहिलं.

बुधवारच्या विमानाने येतो. तांदूळ आणतो, आल्यावर तू पिठाच्या पारीत मासे नि भात भरून पेरोक भाज.

मकारची रायफल आता तरी बाहेर टांग. शेगडीजवळची जागा मला लागेल.

कागद भरला.
इग्ना