सोजराच्या अकलेबाबत

मी, रंगराव सखाराम बाहेकर, वय वर्षे एकसष्ट, पूर्वीचा धंदा दस्तलेखन, राहणार डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा, हे माझे शेवटचे लिहिणे कोणाच्याही दाबाखाली नव्हे, तर स्वखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवतो. छातीचे दुखणे आहे, पण हात अजून कापत नाही.

‘अक्कलहुशारीने’ हा शब्द मी मेहकरच्या कचेरीसमोर बसून तेहतीस वर्षे लोकांच्या कागदांत लिहिला. त्याचा अर्थ मला उशिरा कळला. तो पुढे येईल, कारण सगळी वाटणी त्याच्यावरच आहे.

१. पत्नी अन्नपूर्णाबाई आठ वर्षांपूर्वी वारली. मूलबाळ नाही. तिची लुगडी व पितळी घागर शेजारच्या कलाबाईस द्यावी. ती रोज माझी भाकर दारात ठेवून जाते. बोलायला थांबत नाही, आणि मीही कधी थांब म्हटले नाही.

२. राहते दोन खोल्यांचे घर, मागचे अंगण व माझ्या हिश्श्याचे अडीच एकर वावर माझी धाकटी बहीण सोजराबाई, सध्या राहणार खामगाव, हिला पूर्ण मालकीने देतो. तिच्यावर कोणीही पालक नेमू नये. हे का लिहावे लागते ते सांगतो.

सोजराला लहानपणी मोठा ताप आला, तेव्हापासून तिची जीभ जड झाली. शब्द अर्धेच निघत. एक वाक्य पुरे व्हायला भाकर भाजून व्हावी एवढा वेळ लागे. तिचे बोलणे घरात मला एकट्याला समजे. पाहुणे आले की मीच सांगायचो, सोजरा असे असे म्हणते. आईने मरताना विहिरीजवळचे वावर तिच्या नावे करून दिले, कारण तिचे लग्न जमले नव्हते.

१९३८ साली थोरले बंधू वामनराव मला म्हणाले, “तिले अक्कल कुठी हाय बे? ती काय वावर सांभाळन? तू कागद लिही, पालक म्हणून माहं नाव टाक.”

मी म्हटले, “दादा, तिले सारं समजते.”

“मंग तूच पोस तिले जल्मभर.”

मी अर्ज लिहिला. ‘सदर बाईस जन्मतः अक्कल नाही.’ यातला ‘जन्मतः’ दादांनी सांगितला नव्हता. अर्ज पक्का व्हावा म्हणून तो मी माझ्या अनुभवाने घातला.

कोर्टात साहेबांनी तिला विचारले, “बाई, गाईला पाय किती?” सोजरा बोलू लागली. मागचे लोक हसले. साहेब माझ्याकडे वळले, “तुम्ही भाऊ ना? काय म्हणते ती?”

ती म्हणत होती, “चार. पण आमची तांबी तीनच टेकवते. खुरात काटा हाय. मले घरी जाऊ द्या.” मला अक्षर न् अक्षर समजले होते.

मी म्हणालो, “काही नाही साहेब. नुसता आवाज आहे.”

सोजराने माझ्याकडे पाहिले आणि तोंड मिटले. त्यानंतर ती आमच्या घरात एक शब्दही बोलली नाही. दोन महिन्यांनी कापसाच्या कामाला जाणाऱ्या बायांबरोबर खामगावला निघून गेली. मी तिला आणायला गेलो नाही.

पुढे पाच-सहा वर्षांनी काठेवाडी लोकांचे उंट कचेरीपुढे बसले होते. एकाचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून दोरीने बांधला होता. माझ्या शेजारी उर्दू अर्ज लिहिणारे मुन्शी वजीरोद्दीन म्हणाले, “रंगराव, तुमची अक्कल पाहून घ्या.” मला टोमणा वाटला. त्यांनी समजावले की शब्द अरबी आहे, आणि त्याचे मूळ या उंटाच्या दोरीपाशी आहे. माणसाला भलतीकडे जाऊ देत नाही ती अक्कल. हुशार हा फारसी. होश म्हणजे शुद्ध, जाग. ती ज्याच्यापाशी आहे तो हुशार. “गणित येते का, जबान चालते का, याचा त्यात काही संबंध नाही,” असे म्हणून ते पुन्हा लिहू लागले.

त्या दिवशी मी एकही कागद लिहिला नाही. कोर्टात जागी होती ती सोजरा. दोरी सुटलेला मी होतो.

३. वामनराव वारले. विहिरीचे वावर त्यांचा मुलगा निवृत्ती वाहतो, ते परत मिळवणे माझ्या हातात राहिले नाही. माझ्या आजारपणात निवृत्ती एकदाही आला नाही, माझ्या वावराचे काय करणार हे विचारायला मात्र दोनदा आला. त्याला त्या अर्जाचा माझ्या हातचा मसुदा द्यावा. दुसरे काही देऊ नये.

४. लिहिण्याची उतरती पेटी, दौत, टाक व शब्दांचे अर्थ टिपलेली वही गावच्या शाळेस द्यावी. वहीत ‘मठ्ठ’ व ‘येडा’ या शब्दांपुढे मी काही लिहिलेले नाही. कोणाला ठाऊक असल्यास लिहावे.

५. मागच्या पौषात मी खामगावला जाऊन आलो. सोजरा जनकाबाई नावाच्या सोबतिणीबरोबर एका खोलीत राहते. केस पांढरे झाले आहेत. तिने मला ओळखले व चहा केला. जनकाबाई म्हणाल्या, “लय हुशार हाय तुमची बहीण. आमच्या चाळीतलं भांडण हीच तोडते.” मी घराचे व वावराचे सांगितले, कोर्टातले सांगून माफी मागितली. सोजराने कपबशा विसळून ठेवल्या. एस.टी.पर्यंत ती एकटी माझ्यासोबत आली, आणि गाडी लागल्यावर बोलू लागली. पुष्कळ बोलली.

मला त्यातले काहीच समजले नाही. सव्वीस वर्षांत तिचे बोलणे माझ्या कानातून गेले होते. मी म्हटले, “सोजरा, पुन्हा सांग.” तिने पुन्हा सांगितले. गाडी सुटली.

६. हा कागद सोजराबाईस जनकाबाईंच्या समक्ष मोठ्याने वाचून दाखवावा. ती बोलू लागल्यास तिचे पुरे होईपर्यंत थांबावे, तिचे वाक्य दुसऱ्या कोणी पुरे करू नये. दस्तात कोरी जागा सोडू नये हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तरी सह्यांखाली मी अर्धे पान कोरे सोडले आहे. ती जे म्हणेल ते जनकाबाईंना विचारून तिथे लिहावे. मला शिव्या असल्या तरी गाळू नयेत.

येणेप्रमाणे लिहून, वाचून, खाली सही केली.

ठिकाण : डोणगाव
दिनांक : ११ फेब्रुवारी १९६४

सही : रंगराव सखाराम बाहेकर

आमच्या समक्ष सही केली. साक्षीदार :
१. शंकरराव किसनराव लहाने, निवृत्त पोस्टमास्तर, डोणगाव
२. कचरू भिवाजी गवई, डोणगाव

सोजराबाई म्हणते की :