काचांना दाखवलेलं ऊन

कुसूच्या बाबांस,

सप्रेम नमस्कार. तुम्ही असताना तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही. कचेरीपासून आपलं घर ते केवढंसं लांब! आता लिहितेय, कारण काल घरात एक गोष्ट घडली आणि ती तुमच्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाही. काल आपल्या कुसूने एका परक्या माणसाच्या फोटोला जास्वंदीचं फूल वाहिलं आणि हात जोडून म्हणाली, "बाबा, मला चांगली बुद्धी द्या." आणि त्या परक्या माणसाला तिचे बाबा मी केलंय.

रागावू नका. आधी सगळं ऐकून घ्या.

तो फोटोचा क्लास आठवतो ना? बाजारपेठेतल्या गल्लीत, मुंबईहून शिकून आलेल्या त्या मास्तरांनी नवशिक्यांसाठी काढलेला. दर रविवारी सकाळी धोतर झटकून निघायचात. आठ पुरुष, एक कॅमेरा आणि मास्तरांचा आवाज. बायकांनी येऊ नये असं कुठे लिहिलं नव्हतं, पण लिहायची गरज तरी कुठे होती! मी आपली घरी, सात महिन्यांची पोर मांडीवर घेऊन बसलेली.

पण एक मानलं पाहिजे हं. जेवण झालं की तुम्ही पडवीत मला बसवून सगळा धडा पुन्हा म्हणायचात. ऊन माणसाच्या तोंडावर नको, डोळे बारीक होतात. भर दुपारी तर कॅमेरा काढायचाच नाही, डोळ्यांच्या जागी खड्डे येतात. सकाळी आठाचा उजेड, तोही झाडाच्या सावलीच्या कडेला. भिंगाचं टोपण काढून सेकंद मोजताना नुसतं एक, दोन म्हटलं तर घाई होते, म्हणून एक नारळ, दोन नारळ असं म्हणायचं. आई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "फोटो काढतोस का नारळांचं पाडप मोजतोस रे?"

आणि माझी चंद्रकळा! लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची, काळीभोर. न विचारता ट्रंकेतून काढलीत आणि कॅमेऱ्यामागे डोक्यावर ओढून घ्यायला लागलात. मी दोन दिवस अबोला धरला. तुम्ही म्हणालात, दुसरं इतकं काळं कापड अख्ख्या रत्नागिरीत मिळायचं नाही. आता ती मला नेसायचीच नाही म्हणा. तेव्हा भांडले कशाला, असं वाटतं.

मिरकरवाड्याला गेलात तेव्हाची गंमत तर तुम्हीच सांगितली होतीत. मासे विकणाऱ्या एका खारविणीने तुम्हाला बघून टोपली तोंडापुढे धरली आणि बजावलं, फोटो काढल्याने आयुष्य उणं होतं. तुम्ही हसत हसत घरी आलात. मीही हसले. पुढे भाद्रपदात मला त्या बाईची आठवण आली आणि मी माझ्याच तोंडात मारून घेतलं.

बाकी सगळं शिकवलंत, पण अर्धंच शिकवलंत हो! हा माझा तुमच्यावरचा राग आहे आणि तो जायचा नाही. कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचा धुवायचं काम तुम्ही कोठीच्या खोलीत, दारं लावून, लाल कंदिलाच्या उजेडात करायचात. मी दाराशी आले की आतून ओरडायचात, "औषधं विषारी आहेत, पोरीला घेऊन येऊ नकोस." मी कधी आत आले नाही. आत काय चालतं ते मला कळलंच नाही. मला दिसायचं ते पुढचं. धुतलेली काच आणि कागद चौकटीत अडकवून तुम्ही पायरीवर उन्हात ठेवायचात, आणि बघता बघता कागदावर माणूस उमटायचा. मी कुसूला कडेवर घेऊन बघत राहायची. माझ्या डोक्यात इतकंच बसलं, की फोटो उन्हाने उमटतो. चुकलं का माझं? जे दिसलं तेच शिकले मी.

मग वैशाखातली ती सकाळ. फणसाखाली स्टूल मांडलंत, सगळं जुळवलंत, काच आत सरकवलीत आणि म्हणालात, आज तू काढ. तुम्ही जाऊन बसलात, टोपी नीट केलीत. मी टोपण काढलं, मोजलं, परत लावलं. तुम्ही उठून आलात आणि म्हणालात, "झालीस पास!" मला केवढा आनंद झाला सांगू! लग्नात फोटो काढायची आपल्याकडे रीत कुठे होती? क्लासाचा सगळ्यांचा मिळून फोटो काढायचा होता, तो दिवाळीवर ढकललेला. म्हणजे तुमचा असा तो एकच, आणि तोही माझ्या हातचा.

औषधं संपली होती. ती मुंबईहून बोटीने यायची, आणि पावसाळ्यात बोटी बंद. तुम्ही म्हणालात, बोटी सुरू झाल्या की धुऊ, काच कुठे पळून जातेय? काळ्या कागदात गुंडाळून तुम्ही ती दुसऱ्या दोन काचांबरोबर डब्यात ठेवलीत.

काच नाही पळून गेली. तुम्ही गेलात. तापाचे एकवीस दिवस आणि मग काहीच नाही. त्यावर मी लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.

बोटी सुरू झाल्यावर औषधांचं पार्सल तुमच्या नावाने आलं. सही मी केली. तेव्हाच उठून ते नि काचांचा डबा मास्तरांकडे नेऊन द्यायला हवा होता. पण आश्विन लागला होता आणि आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. चार महिन्यांच्या दमटपणाने घरातलं सगळं कुबट झालेलं असतं. गाद्या, पोथ्या, लोणच्याच्या बरण्यांची फडकी, सगळ्याला ऊन दाखवायचं. मी खळ्यात सगळं मांडलं. कॅमेऱ्याच्या कातड्यावर बुरशी आली होती. वाटलं, काचांनाही आली असणार. डबा उघडला, काळे कागद सोडले आणि तिन्ही काचा सुपात मांडून कोकमाच्या सोलांच्या शेजारी उन्हात ठेवल्या.

दुधाच्या सायीसारखा रंग होता त्यांचा. थोड्या वेळाने जांभळट व्हायला लागल्या. मला काय वाटलं माहीत आहे? वाटलं, उमटतायत! मी हातातलं काम टाकून सुपाशी येऊन बसले. आता कपाळ दिसेल, आता टोपी दिसेल. कावळा येऊ नये म्हणून काठी घेऊन राखण केली हो मी! ऊन कलेपर्यंत बसले. चेहरा आला नाही, तेव्हा म्हटलं, राहिलेलं मास्तर करतील.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी डबा आत नेला. बाहेर आले तेव्हा ओल्या काचा हातात होत्या, तव्यासारख्या काळ्या. त्यांनी विचारलं, "वहिनी, ह्यांना उजेड लागला होता का?"

मी म्हटलं, "उजेड नाही, ऊन. चांगलं दिवसभर."

ते खाली बसले. मग हळूहळू, लहान मुलीला सांगावं तसं त्यांनी मला सांगितलं, की धुण्याआधी काचेला त्या लाल कंदिलाखेरीज काजव्याएवढा उजेडही चालत नाही. तुमच्या क्लासातला राहिलेला अर्धा भाग मी त्या दिवशी शिकले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. मला त्याचं हसू येत नाही.

घरी आले तर आई दारात. "दिलान काय गो फोटो?" मला खरं सांगता आलं नाही. मुलगा गेल्याला दोन महिने झाले नव्हते. मी म्हटलं, मोठा करायला मुंबईला पाठवलाय. आणि मग तेच म्हणत राहिले. होळीला म्हटलं, गणपतीला म्हटलं. तीन वर्षं! त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी मुंबईहून फोटो येतोच आहे. कधी कधी मला वाटायचं त्यांना कळलंय. पण नाही, त्या खरंच वाट बघत होत्या.

गेल्या महिन्यात त्या अंथरुणाला खिळल्या. दोन दिवस पेज घेतली नाही. म्हणाल्या, "एकदा दाखव गो त्याला, मग मी जात्ये." मी काय करायला हवं होतं? तुम्ही सांगा! मी तुमच्या सरावाच्या फोटोंची चवड काढली. त्यात तुमच्या क्लासातले शिरधनकर होते, बंदरावरच्या कचेरीतले, तुमच्याच वयाचे, तशीच काळी टोपी. तुम्हीच काढलेला फोटो. छान आलाय. ते तर कधीच बदली होऊन गेले, इथे ओळखणारं कोण? मी तो काचेत बसवून आणला आणि आईंच्या हातात दिला.

त्यांनी तो नाकाला लागेल इतका जवळ धरला. बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "बारीक दिसतो. पण कान बघ, अगदी बापाचे."

आणि उठून बसल्या! पेज मागितली. मी चुलीपाशी जाऊन तोंडात पदर कोंबून रडले, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं.

पण खोट्याला पाय फुटतात. आईंनी ती तसबीर देवांच्या शेजारी लावायला लावली. रोज सांजवात झाली की कुसूला मांडीवर घेऊन सांगतात, हे तुझे बाबा, असे हसायचे, असे चिडायचे. तुम्ही गेलात तेव्हा ती दीड वर्षाची. तिला काय आठवणार? जे डोळ्यांपुढे आहे तेच तिचं खरं. काल तिने स्वतःहून फूल वाहिलं आणि मला म्हणाली, "आई, माझं नाक बाबांसारखं आहे ना?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

आणि ऐका, खरी शिक्षा पुढेच आहे. आज सकाळी विहिरीवर उभी राहून मी तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. शिरधनकर आले. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तेच. तुमच्या हनुवटीवर वण होता, तो उजवीकडे की डावीकडे? मला सांगता येईना! फोटो काढायच्या आधी मी तुम्हाला कॅमेऱ्यामागच्या काचेत पाहिलं होतं, तिथे माणूस उलटा दिसतो, डावं उजवीकडे जातं. आता आठवतंय ते त्या काचेतलं की खरं, हेही कळत नाही. आईंना विचारावं तर त्या तसबिरीकडे बोट दाखवतील.

तुम्ही एकदा गेलात ते तापाने. पण हे दुसऱ्यांदाचं जाणं माझ्या हातून चाललंय आणि मला ते थांबवता येत नाही.

तसबीर काढली म्हणून तुम्ही परत यायचे नाही, हे कळतं मला. भिंत नुसती मोकळी होईल. आईंना सांगितलं तर त्या कदाचित पुन्हा पेज टाकतील, कदाचित मलाच वेडी ठरवतील. कुसू रडेल. विचारील, मग बाबा कसे होते? त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

तरी शब्द देते. उद्या उजाडल्यावर ती तसबीर मी स्वतः उतरवीन, आणि कुसूला समोर बसवून सांगेन, की हे तुझे बाबा नव्हेत. तुझ्या बाबांचा एकच फोटो होता आणि तो तुझ्या आईने घालवला.

तुमची,
इंदिरा