टॉसपॉटचं सोंग

थॉर्नक्लफ, ईस्टर सोमवार

आईस ग्वेन्लियनचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या जावयाला, एमॉसला, इथे टॉसपॉट म्हणतात, हे तुझ्या कानावर गेलंच असेल. आपल्या वेल्समध्ये हा शब्द नाही. पॉट म्हणजे बिअरचा पेला. तो एका झटक्यात घशात ओतणारा, म्हणून दारुड्याचं हे जुनं नाव पडलं.

ईस्टरच्या सोंगातही टॉसपॉट असतो. तोंडाला काजळी, मागे गवताची शेपटी, दारोदार अंडी मागतो आणि लोक त्याला पाजतात. दरवर्षी एमॉसच तो होतो. यंदा चॅपलमध्ये दारू सोडण्याची शपथ घेऊनही सोंगात गेला. मी दिवसभर प्रार्थना केली.

लोक म्हणाले, "न पिणारा कसला रे टॉसपॉट?"

"सोंगाला कुठली तहान, गड्या?" एमॉस म्हणाला.

संध्याकाळी मी त्याचं तोंड पुसलं. नुसता काजळीचा वास आला.

देव तुला सांभाळो.

तुझी ग्वेन