गोल सह्यांचा अर्ज

अण्णा, तुम्ही गेल्यावर तुमच्याशी बोलायला मी कधी कागद घेतला नाही. आज घेतलाय, कारण हे घरात कुणाला सांगायची माझी छाती होत नाही.

पिंपरीच्या आपल्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवतं. तुमच्या सरकारी औषध कारखान्यातली युनियनची माणसं दाटीवाटीने बसलीत, आई चहा गाळतेय, आणि तुम्ही कोऱ्या कागदावर ताटली पालथी घालून पेन्सिलने गोल काढताय. सह्या त्या गोलाभोवती करायच्या. पहिली सही कुणाची हे मॅनेजमेंटला कळू नये, म्हणून तुमच्या युनियनची ही जुनी रीत. बायकांसाठी पाळणाघर मिळालं ते अशाच अर्जावर. आई पॅकिंगला जायची तेव्हा मी तिथेच वाढले. त्या दिवशी मी शहाणपणा केला. म्हटलं, "अण्णा, पहिली सही तुमचीच. ती ऐसपैस आहे, आणि शेवटच्याने तिच्या शेजारी कशीबशी कोंबलीय." सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. नवा कागद घेतलात, गोलाभोवती आधी सारखी घरं आखलीत आणि म्हणालात, "डोळा चांगला हाय तुझा, पोरी. पण हे भाईर बोलायचं न्हाई. मान्साची भाकरी जाती."

आता मी चाकणच्या एका कंपनीत एचआरला आहे. गेल्या वर्षी कंत्राटी कामगारांचा अर्ज आला. दुसरी शिफ्ट सुटल्यावर परतीची बस द्या, एवढंच मागणं. सह्या गोल होत्या. खोटं कशाला सांगू, माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. घरं मात्र त्यांनी आखली नव्हती. प्लँटच्या साहेबांनी विचारलं, हे कुणी सुरू केलं, आणि मी दाटीशेजारच्या ऐसपैस सहीवर बोट ठेवलं. परभणीकडचा वेल्डर होता, दोन मुलींचा बाप. दुसऱ्या दिवशी त्याचा गेटपास बंद झाला. गेटवर मला गाठून तो म्हणाला, "मॅडम, माझं काय चुकलं तेवढं सांगा. परत नाही करनार." मी म्हटलं, कंत्राटदाराला विचारा, आणि गाडीत बसले. बस सुरू झाली, तो तीत कधी बसला नाही. तुम्ही असता तर ओरडला नसता, पण माझ्या हातचं जेवलाही नसता. अण्णा, तुमची लेक म्हणवून घ्यायची लाज वाटते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, वाचून झालं की फाडणार आहे. तरी वर एक ओळ मी तुम्हालाही खोटी लिहिली. साहेबांनी मला काहीच विचारलं नव्हतं. "देऊन टाका बस, त्यात काय एवढं," म्हणत ते अर्जावर शेरा मारायला पेन शोधत होते. मीच म्हटलं, "सर, पहिली सही कुणाची ते मी सांगू शकते."